लिलावाच्या वेळेलाच सर्व्हर लटकतो, रिस्टार्ट मारला की चालतो: काय काय तपासायचं

लिलावाच्या मालाच्या वजनाच्या नोंदी मोबाईल अॅपवरून घेणारा सर्व्हर ऐन गर्दीत लटकतो, त्याबद्दल हे आहे. आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडची जुळतात का बघा.

दिवसभर सगळं नीट चालतं. सकाळी लिलाव सुरू झाला, ट्रॅक्टर आणि पिकअप काट्यावर लागायला लागले की काट्यावरच्या पोराच्या मोबाईलमधलं गोल चक्र फिरतच राहतं. तो परत बटण दाबतो, परत दाबतो, मग फोन येतो, "भाऊ, अॅप नुसतं फिरतंय, खाली गाड्यांची लाईन लागलीय." कधी ५०२ चा एरर दिसतो कधी ५०४ चा. सर्व्हरवर जाऊन बघितलं तर सीपीयू १५-२० टक्के, म्हणजे मशीन निवांत बसलेलं. रिस्टार्ट मारला की पंधरा-वीस मिनिटं छान चालतं आणि मग परत तेच. एकाच गाडीच्या दोन काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) तयार होतात. शेतकऱ्याला हिशोबाचा मेसेज दोनदा जातो, नाहीतर तो निफाडला घरी जाऊन जेवून झोपल्यावर जातो. रिपोर्टचं काम 'चालू आहे' असं दाखवतं ते संध्याकाळपर्यंत तसंच.

यातली तीन-चार जरी जुळली तरी बहुतेक वेळा प्रकार एकच असतो. समोरून येणाऱ्या एपीआय रिक्वेस्ट (मोबाईलने सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) आणि मागे आपणहून चालणारे बॅकग्राउंड जॉब (रिपोर्ट, मेसेज, बॅकअप) एकाच मोजक्या गोष्टीसाठी भांडतायत, आणि ती गोष्ट कुठली हे शोधायचं असतं. वर्कर (काम करणारी प्रोसेस) असेल, डेटाबेसचं कनेक्शन असेल, एखादं लॉक (एकाने धरलं की दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) असेल, डिस्क असेल. मी हा फॉल्ट नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगावकडच्या कांदा व्यापाऱ्याकडे दुरुस्त केलाय, दिंडोरी रोडच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये केलाय, सातपूरच्या एका कारखान्यात केलाय जिथे शिफ्ट बदलताना सगळी हजेरीची मशीनं एकदम डेटा पाठवायची. धंदे वेगळे, फॉल्ट तोच. आणि या सगळ्यांनी मला बोलवायच्या आधी एक गोष्ट केलेली होती, मोठा सर्व्हर घेतला होता. महिन्याचं बिल डबल झालं आणि लटकणं तसंच राहिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. खालचा क्रम फुकट आणि सोप्या गोष्टीपासून अवघड गोष्टीकडे आहे, तो मोडू नका. उदाहरणं एनजिनएक्स (रिक्वेस्ट आधी झेलून पुढे देणारा), जीयुनिकॉर्न (पायथनचं अॅप चालवणारा), सेलरी (मागची कामं करणारी), रेडिस (त्या कामांची रांग म्हणजे क्यू ठेवणारा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांची दिलीत कारण माझ्याकडे जास्त करून तेच असतं, पण लाराव्हेल किंवा नोडवाल्यांनाही विचार तोच लागू पडतो.

रिस्टार्ट मारायच्या आधी दोन मिनिटं द्या

फोनवर माणूस ओरडत असतो, हात आपोआप रिस्टार्टकडे जातो, माहितीय मला. पण रिस्टार्ट मारला की पुरावा गेला, कोण कोणासाठी थांबलं होतं ते कधीच कळत नाही आणि उद्या सकाळी परत तेच. म्हणून टॉप (प्रोसेस), फ्री (रॅम), डीएफ (डिस्क) या कमांडचं आउटपुट आणि डेटाबेसमध्ये त्या क्षणाला चालू असलेल्या क्वेरींची यादी एवढं एका फाइलमध्ये ओतणारी छोटी स्क्रिप्ट आधीच करून ठेवा, लटकलं की ती चालवा, मग खुशाल रिस्टार्ट मारा. दोन मिनिटांनी गाड्यांची लाईन फार वाढत नाही.

पहिलं, घड्याळ बघा

हसण्यासारखं वाटेल पण बऱ्याच वेळा मला इथेच सापडलंय. क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. कोणीतरी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) पहाटे पाचचा बॅकअप लावलेला असतो, कोणी वापरत नसेल त्या वेळेला म्हणून, आणि तो आपल्याकडे साडेदहाला सुरू होतो म्हणजे लिलाव ऐन रंगात असताना. कांदा व्यापाऱ्याकडे हेच होतं. अख्ख्या डेटाबेसचा डंप (पूर्ण कॉपी), वर त्याचं कॉम्प्रेशन, आणि त्याच डिस्कवर काट्याच्या नोंदी. तीन महिने त्रास काढला होता त्या लोकांनी. टाइमडेटसीटीएल चालवून टाइमझोन बघा, क्रॉनटॅबच्या सगळ्या ओळी वाचा, रूटच्याही आणि अॅपच्या यूजरच्याही, आणि सेलरी बीटसारखा शेड्यूलर असेल तर त्यातला टाइमझोन वेगळा बघा कारण तो क्रॉनपेक्षा निराळा असू शकतो.

तिथेच अजून एक बघून घ्या. दर ५ मिनिटांनी चालणारं काम ५ मिनिटांत संपतं का? गर्दीच्या दिवशी त्याला ७ मिनिटं लागली तर पहिलं चालू असतानाच दुसरं सुरू होतं, मग दोघं मिळून अजून हळू, मग तिसरं, आणि तासाभरात एकाच कामाच्या पाच-सहा कॉप्या एकमेकींचे पाय ओढत बसतात. क्रॉनच्या ओळीत फ्लॉक लावा, डॅश एन ऑप्शनसकट, म्हणजे आधीचं चालू असेल तर नवीन सुरूच होणार नाही. एका ओळीचं काम आहे, पैसा लागत नाही.

दुसरं, डिस्क आणि रॅम

डीएफ बघा, डिस्क भरली तर काहीच चालत नाही आणि एरर भलतेच येतात. फ्री बघा, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरात असेल आणि वाढत असेल तर तेच कारण धरा. डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा, कर्नल रॅम संपल्यावर जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो आणि ती बऱ्याचदा तुमचा रिपोर्ट बनवणारा वर्करच असतो, म्हणून ते काम 'चालू आहे' वर अडकून राहतं. व्हीएमस्टॅट एक-एक सेकंदाने चालवून डब्ल्यूए आणि एसटी हे दोन कॉलम बघा. डब्ल्यूए वर असेल तर सीपीयू डिस्कची वाट बघतोय. एसटी वर असेल तर होस्टकडून तुम्हाला सीपीयू कमी मिळतोय, क्रेडिटवाल्या स्वस्त मशीनचं क्रेडिट संपलं की असं होतं आणि तिथे तुमचा कोड कितीही बदला, फरक पडणार नाही.

आणि हे सगळं चांगलं असूनही लटकतंय, सीपीयू निवांत आहे, तर ती उलट चांगली खूण आहे. काम करून कोणी दमलेलं नाही, सगळे कशाची तरी वाट बघत बसलेत. आता ते 'कशाची तरी' शोधायचं.

तिसरं, एनजिनएक्सचा लॉग नीट वाचा

५०२, ५०४ आणि ४९९ या तिघांचा अर्थ वेगळा आहे, सगळ्यांना 'सर्व्हर डाऊन' म्हणून मोकळं होऊ नका. जीयुनिकॉर्नचा टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो, साध्या सिंक वर्करने (एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणाऱ्या) एका रिक्वेस्टला त्याहून जास्त लावले की तो मारला जातो, त्याच्या लॉगमध्ये 'वर्कर टाइमआउट' येतं आणि समोरच्याला बहुतेक ५०२ दिसतो. म्हणजे एखादी रिक्वेस्ट स्वतःच फार लांबतेय. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतो आणि मग ५०४ देतो, म्हणजे बऱ्याचदा रिक्वेस्ट वर्करपर्यंत पोचलीच नाही, बाहेर रांगेतच राहिली. आणि ४९९ म्हणजे समोरचाच कंटाळून निघून गेला, काट्यावरच्या पोराने अॅप बंद करून परत उघडलं. हा ४९९ दिसायला निरुपद्रवी पण फार महत्त्वाचा, कारण तो निघून गेला तरी त्याची पहिली रिक्वेस्ट आत बहुतेक चालूच राहते आणि तो दुसरी टाकतो. दोन काटापट्ट्या इथून येतात. त्या पोराची काही चूक नाही, त्याच्या समोर गाडीवाला उभा असतो.

लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला लागलेला एकूण वेळ आणि अपस्ट्रीमने (मागच्या अॅपने) घेतलेला वेळ छापायची सोय एनजिनएक्समध्ये आहे, मुळात बंद असते, ती आजच चालू करा. त्याशिवाय पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे.

चौथं, रिक्वेस्टच्या पोटात बाहेरचा कॉल आहे का

इथे जरा थांबतो कारण दहातल्या पाच केसेस मी इथे संपवल्यात.

काटापट्टी सेव्ह करायची, पीडीएफ बनवायची, एसएमएस कंपनीला कॉल करायचा, तिचं उत्तर आलं की मग काट्यावरच्या मोबाईलला 'झालं' म्हणायचं. कोड लिहिताना हे सरळ वाटतं आणि ऑफिसमध्ये एकट्याने टेस्ट करताना पटकन चालतंही. आता हिशोब करा. तुमच्याकडे ५ वर्कर आहेत आणि एका रिक्वेस्टला ०.२ सेकंद लागतात, तर मिनिटाला १५०० रिक्वेस्ट निघतात. एक दिवस एसएमएसवाल्याचा सर्व्हर हळू झाला आणि प्रत्येक कॉलला २० सेकंद लागायला लागले, तर तेच ५ वर्कर मिनिटाला फक्त १५ रिक्वेस्ट काढतात. तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही, सीपीयू झोपलेला आहे, पण पाचही वर्कर कानाला फोन लावून बसलेत आणि त्यामागे लॉगिनपासून भाव बघण्यापर्यंत सगळ्या रिक्वेस्ट अडल्यात, ज्यांचा एसएमएसशी काडीचा संबंध नाही.

पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा, तिला आपणहून टाइमआउट नसतो. तुम्ही दिला नाही तर ती वाट बघतच राहते. प्रत्येक बाहेरच्या कॉलला टाइमआउट द्या, ३ सेकंद, ५ सेकंद, जे झेपेल ते, आणि एक जरी सुटला तरी सकाळी तोच तुम्हाला पकडतो. मग पुढची पायरी म्हणजे तो कॉल रिक्वेस्टमधून बाहेर काढायचा. नोंद डेटाबेसमध्ये टाका, मेसेज पाठवायचं काम क्यूमध्ये टाका, आणि लगेच उत्तर द्या. नोंद झालीय पण पुढचं काम चालू आहे हे सांगायला २०२ हा कोड त्यासाठीच आहे.

एक सांभाळा, क्यूमध्ये काम टाकायचं ते ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच, म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावरच. नाहीतर वर्कर इतका चपळ असतो की नोंद डेटाबेसमध्ये दिसायच्या आधीच तो ती शोधायला जातो आणि 'पट्टी सापडली नाही' असा एरर मधूनच कधीतरी येतो, फक्त गर्दीत येतो, आणि ऑफिसमध्ये कधीच येत नाही. जँगोमध्ये ऑन-कमिटची सोय आहे ती वापरा.

आणि मोबाईल अॅपला सांगा की प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक युनिक नंबर बनवून पाठव. डेटाबेसमध्ये त्या नंबरवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) टाका. मग पोराने दहादा बटण दाबलं तरी पट्टी एकच बनेल. आधी शोधायचं आणि नसेल तर टाकायचं हे कोडमध्ये लिहून भागत नाही, दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी शोधतात, दोघींनाही सापडत नाही आणि दोघीही टाकतात. हे काम डेटाबेसकडेच द्यावं लागतं.

पाचवं, क्यू आणि वर्कर

रेडिसमध्ये क्यूची लांबी बघा, एललेन कमांड पुरते. लांबी गर्दीत वाढून नंतर उतरत असेल तर ठीक. वाढतच जात असेल तर कामं येण्याचा वेग संपण्यापेक्षा जास्त आहे आणि रिस्टार्टने काही होणार नाही.

मग बघा की सगळी कामं एकाच क्यूत आहेत का. महिन्याचा हिशोब बनवायला १२ मिनिटं आणि एसएमएस पाठवायला १ सेकंद, दोघं एका लाईनमध्ये उभे केले तर एसएमएस १२ मिनिटं थांबणारच. नाशिकच्या द्वारका सर्कलला कंटेनरच्या मागे अडकलेल्या स्कूटरसारखं. छोट्या तातडीच्या कामांची क्यू वेगळी करा, तिचे वर्कर वेगळे ठेवा, जड कामांना एक-दोनच वर्कर द्या आणि जमलं तर त्यांना नाइस लावून कमी प्राधान्याने चालवा. सेलरीमध्ये प्रीफेच मुळात ४ असतो, म्हणजे प्रत्येक वर्कर प्रोसेसमागे ४ कामं आधीच उचलून ठेवली जातात, त्यामुळे शेजारचा वर्कर रिकामा असला तरी ती कामं याच्याच बॅगेत पडून राहतात. लांब कामांच्या क्यूला तो १ करा.

मेसेज दोनदा जाण्याचं दुसरं मोठं कारणही इथे आहे. रेडिस वापरणाऱ्या सेलरीला एखाद्या कामाची पोच १ तासात मिळाली नाही तर ती ते काम हरवलं असं समजून दुसऱ्या वर्करला देते. काम संपल्यावर पोच द्यायची सेटिंग चालू असेल आणि काम तासाभराच्या वर गेलं, की तेच काम दोन ठिकाणी चालू. लाराव्हेलमध्ये ही मुदत मुळात ९० सेकंदांची असते आणि वर्करचा टाइमआउट तिच्यापेक्षा कमी ठेवावा लागतो, बरेच जण टाइमआउट वाढवतात आणि ही दुसरी सेटिंग विसरतात. कुठलंही काम दोनदा चाललं तरी नुकसान होणार नाही असं लिहिणं हाच खरा उपाय. मेसेज पाठवण्याआधी 'हा पाठवायला घेतला' अशी खूण त्या ओळीवर करा, आणि ती खूण आधीच असेल तर सोडून द्या.

सहावं, वर्कर वाढवायच्या आधी कनेक्शन मोजा

इथपर्यंत आल्यावर सगळ्यांना वर्कर वाढवावेसे वाटतात. कोरच्या दुप्पट अधिक एक हा जीयुनिकॉर्नवाल्यांनीच सांगितलेला अंदाज आहे, ४ कोरला ९. पण पोस्टग्रेसला मुळात १०० कनेक्शन असतात आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या डेटाबेस लायब्ररीचा पूल (कनेक्शनचा साठा) प्रत्येक प्रोसेसला ५ आणि गर्दीत वर १०, म्हणजे १५. ९ वर्करमध्ये थ्रेड चालवत असाल तर कागदावर १३५ झाले, अजून सेलरीचे वर्कर मोजलेच नाहीत. म्हणून रात्री सगळं छान आणि सकाळी 'टू मेनी क्लायंट्स'. सगळ्या प्रोसेसची बेरीज करा, ती ८०-८५ च्या आत बसवा. पोस्टग्रेसचा आकडा ५०० करून टाकणं हा उपाय नाही, प्रत्येक कनेक्शन म्हणजे तिथे एक वेगळी प्रोसेस, रॅम खाते. जास्तच लागत असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा) बसवा, पण ट्रान्झॅक्शन मोडमध्ये काही गोष्टी वेगळ्या वागतात, ते वाचून मगच.

सातवं, लॉक

हे अवघड आहे, घाई करू नका. पीजी-स्टॅट-अॅक्टिव्हिटीमध्ये (कुठलं कनेक्शन काय करतंय याची पोस्टग्रेसमधली यादी) दोन गोष्टी शोधा, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' मध्ये (ट्रान्झॅक्शन उघडून गप्प) बराच वेळ बसलेलं कनेक्शन, आणि लॉकसाठी थांबलेल्या क्वेरी. पॅकहाऊसमध्ये काय होत होतं, तर दर तासाला एक जॉब सगळ्या क्रेटच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट करायचा आणि त्यातच मध्ये बाहेरच्या तापमानाच्या मशीनला कॉल करायचा. तेवढा वेळ त्या ओळी अडकलेल्या. तोडलेली द्राक्षं प्रीकूलिंगला लवकर जावी लागतात, आणि इथे क्रेट स्कॅनच होईना. आम्ही बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला आणि अपडेट ५००-५०० ओळींच्या तुकड्यात केला, प्रत्येक तुकड्याला कमिट. हार्डवेअरला हातही लावला नाही. मोठ्या चालत्या टेबलवर इंडेक्स टाकायचा असेल तर कन्करंटली टाका, साध्या पद्धतीने टाकलात तर तो बनेपर्यंत त्या टेबलमध्ये काही लिहिता येत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिस्क भरून पोस्टग्रेस बंद पडलाय आणि त्याच्या डेटा फोल्डरमध्ये वॉलच्या (प्रत्येक बदल आधी लिहून ठेवण्याच्या) मोठमोठ्या फाइल दिसतायत, तर त्या हाताने डिलीट करू नका. नाव लॉगसारखं वाटतं पण तो तुमचा डेटा आहे, डिलीट केलं की डेटाबेस उठणार नाही. फोन करा.

पोस्टग्रेसची अडकलेली प्रोसेस किल डॅश नाइनने मारू नका, त्याने सगळीच कनेक्शन तुटतात आणि डेटाबेस रिकव्हरीत जातो. एक क्वेरी थांबवायची तर डेटाबेसमधूनच टर्मिनेट करा, आणि तरी जात नसेल तर थांबा.

पैशाचे व्यवहार दोनदा झालेत, हिशोबपट्ट्यांची बेरीज जुळत नाही, लॉगमध्ये डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडकणं) रोज येतोय, किंवा डेटाबेस 'इनव्हॅलिड पेज' असलं काही म्हणतोय, तर क्यूचे वर्कर बंद करा, बॅकअप घ्या, आणि स्वतः ओळी डिलीट करायला बसू नका. कुठली पट्टी खरी हे नंतर शोधता येतं, पण दोन्ही उडवल्या तर शेतकऱ्याला काय दाखवणार. एसटी सतत वर असेल तर होस्टिंगवाल्याला तिकीट टाका. आणि सातही पायऱ्या करून दोन आठवडे झाले तरी दर सकाळी लटकत असेल तरीही बोलवा, तेव्हा बहुतेक अॅपची मांडणीच बदलावी लागणार असते.

बोलवताना त्याच्या हातात द्या: लटकल्याची नेमकी वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे, ती वर सांगितलेली स्क्रिप्टची फाइल, एनजिनएक्सचा त्या अर्ध्या तासाचा लॉग, क्रॉनची यादी, आणि गेल्या आठवड्यात कोणी काय बदललं ते. एवढं असलं तर निम्मा दिवस वाचतो, आणि त्याचे पैसेही तेवढे कमी लागतात.

२०२७ च्या सिंहस्थ पर्वणीसाठी लॉज बुकिंग किंवा पार्किंगची अॅप बनवणारे बरेच जण मला हल्ली भेटतात. त्यांनी हे सगळं आत्ताच, लोड टेस्टचं टूल लावून, बॅकग्राउंड जॉब चालू ठेवून तपासावं. नुसत्या एपीआयची टेस्ट करून उपयोग नाही, लटकतं ते दोन्ही एकदम चालू असतानाच.